बर्फावरची ती खोली आतून काळीकुट्ट का रंगवतात? आणि तिच्या भिंतीला भोकं का ठेवतात?

तुमच्याही फीडवर ती रील कधीतरी आली असेल. गोठलेलं तळं आणि त्यावर छोटीशी लाकडी खोली. आत एक माणूस स्टुलावर भाला घेऊन बसलाय. भिंती दिसत नाहीत, छत दिसत नाही. दिसतो फक्त त्याच्या पायाशी असलेला हिरवट उजळलेला चौकोन, जणू जमिनीतच टीव्ही बसवलाय. आणि मग त्या चौकोनात हळूच एक लांबलचक मासा येतो.

रील बघणाऱ्या बहुतेकांना वाटतं की पाण्यात लाइट सोडला असेल. तसं काही नसतं. पाण्यात दिवा नसतो आणि खोलीतही नसतो. सगळी करामत त्या खोलीच्या आतल्या भिंतींची आहे.

हा प्रकार नेमका काय आहे?

या खोलीला तिकडे 'डार्क हाऊस' म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत अंधारखोली. अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या थंड राज्यांत तळी गोठली की अशा खोल्या बर्फावर ओढत नेतात. पद्धत मूळची तिथल्या ओजिब्वे आदिवासींची. बर्फाला भोक पाडायचं, त्यावर पालथं झोपून डोक्यावरून घोंगडी ओढून घ्यायची, लाकडात कोरलेला खोटा मासा दोरीने पाण्यात नाचवायचा आणि खरा मासा बघायला आला की भाला मारायचा. आजच्या खोलीने त्या घोंगडीची जागा घेतली, एवढंच.

मिनेसोटात मुख्यतः नॉर्दर्न पाइक मारतात. आपल्या मरळीसारखाच हा दबा धरून बसणारा शिकारी मासा. विस्कॉन्सिनमधल्या विनेबागो तळ्यावर मात्र स्टर्जन नावाच्या भल्यामोठ्या माशाची शिकार होते. २०१० साली तिथे तब्बल ९६ किलोचा स्टर्जन मिळाला होता. हा हंगाम फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि जास्तीत जास्त १६ दिवस चालतो. ठरवून दिलेली संख्या त्याआधीच भरली, तर शिकार तिथेच बंद.

आपल्याकडे कोकणात पहिल्या पावसात चढणीचे, म्हणजे वलगणीचे मासे रात्री बत्ती घेऊन धरतात. तिथे उजेड सोबत न्यावा लागतो. इथे उजेड अडवावा लागतो.

पण काळाच रंग का?

याचं उत्तर तुमच्या घरातच आहे. रात्री खोलीत ट्यूब चालू असताना खिडकीच्या काचेत बघा. बाहेरचा रस्ता दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. ट्यूब बंद केली की रस्ता दिसायला लागतो. काच तीच असते आणि रस्ताही तोच. फक्त आतला उजेड काचेवरून परत येणं थांबलेलं असतं.

बर्फाच्या भोकातलं पाणी म्हणजे तीच काच. सरळ खाली बघितलं तर पाण्याचा पृष्ठभाग वरून पडणाऱ्या उजेडापैकी साधारण २ टक्केच परत फेकतो. हा आकडा छोटा वाटतो, पण बर्फातून आणि त्यावरच्या हिमातून गाळून पाण्यात उतरलेला उजेडही कमीच असतो. अशा वेळी खोलीची भिंत पांढरी असेल, तर तिचं प्रतिबिंब पाण्यावर पडतं आणि खालचा मासा त्यात हरवतो. भिंत काळी आणि खोली बंद असेल, तर परत फेकायला उजेडच उरत नाही. मग चारी बाजूंच्या बर्फातून झिरपलेल्या उजेडात पाणी आतून उजळल्यासारखं दिसतं.

दुसरा भाग डोळ्यांचा. सिल्लोडहून अजिंठा घाट उतरून लेण्यांमध्ये गेलात, तर उन्हातून आत शिरल्याबरोबर काहीच दिसत नाही. पाच-दहा मिनिटांनी चित्रं हळूहळू उमटायला लागतात. अंधारखोलीतही तसंच होतं, कारण बाहेर हिमाची चमक उन्हाहून वाईट असते. म्हणून आत एकदा बसलं की कोणी उगाच दार उघडत नाही.

फायदा दोन्हीकडून होतो. माशाने वर बघितलं तर त्याला काळं भोक दिसतं, त्यामागचा माणूस दिसत नाही.

आतलं काम कसं करतात?

आता सुताराच्या नजरेने बघू.

आधी लाकडी चौकट, मग थंडी अडवायला फोमच्या शीट. आपण थर्माकोल म्हणतो त्याच जातीच्या, पण जास्त घट्ट. यातल्या काही शीटना चंदेरी फॉइल असते. तीच बाजू आत उघडी ठेवली, तर खोलीला आरसा लावल्यासारखं होतं. शिवाय उघडा फोम भसकन पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो. म्हणून त्यावर पातळ प्लायवूड ठोकायचं. हा थर दिसायला साधा आहे, पण खोलीत शेगडी असणार असेल तर तो टाळण्यासारखा अजिबात नाही.

प्लायवर काळा रंग द्यायचा, पण चकचकीत ऑइल पेंट नको. शाळेचा फळा आठवा. चकाकणाऱ्या फळ्यावरची अक्षरं कडेच्या बाकावरून दिसायची नाहीत. इथेही तेच लागू आहे, म्हणून रंग मॅटच हवा. छत, दाराची आतली बाजू, स्टुलाचे पाय, खिळ्यांची डोकी, सगळं काळं करायचं. रंग नीट वाळून त्याचा वास गेल्याशिवाय आत बसायचं नाही.

मग परीक्षा. भर दुपारी आत जाऊन दार लावायचं आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. जिथे फट असेल तिथे चांदणी चमकते. ती खडूने खूण करून बुजवायची. खोली बर्फावर ठेवली की तळाशी बाहेरून हिम लोटतात, म्हणजे खालून येणारा उजेड आणि वारा दोन्ही थांबतात.

जमिनीला जे भोक ठेवतात ते साधारण दोन बाय तीन फुटांचं, बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर. ही जागाही विचार करून ठरवलेली असते. पाण्यातली वस्तू तिरकं बघितलं की सरकलेली दिसते. ग्लासातला चमचा मोडल्यासारखा दिसतो ना, तसंच. सरळ खाली बघितलं तर ती बाजूला सरकत नाही, फक्त वर आल्यासारखी वाटते. ८ फुटांवरचा मासा ६ फुटांवर भासतो, पण भाला सरळ सोडला तर लागतो. भोकाभोवती रबरी मॅट टाकतात, कारण ओल्या प्लायवर पाय घसरला तर खाली थेट गोठवणारं पाणी आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: भोकं

आतापर्यंत आपण काय केलं? प्रत्येक फट बुजवली. दार घट्ट केलं. तळाला हिम लोटलं. म्हणजे उजेड अडवता अडवता हवाही अडवली. आणि याच खोलीत माणूस गॅसची किंवा लाकडाची शेगडी पेटवून बसणार आहे.

शेगडीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. आत बसलेल्याला वाटतं, दमलो असेन. तो डोळे मिटतो आणि उठतच नाही.

म्हणून चांगल्या अंधारखोलीला दोन झरोके असतात, एक जमिनीजवळ आणि एक छताजवळ. शेगडीचा धूर वेगळ्या नळीने बाहेर जातो. भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो. पण झरोका ठेवला तर उजेड येणार, त्याचं काय?

इथे एक साधी युक्ती आहे. उजेड सरळ जातो, हवा वळते. झरोक्याला दोन वळणं असलेली नळी लावायची आणि ती आतून काळी रंगवायची. उजेड पहिल्याच वळणावर भिंतीला धडकून संपतो. हवा मात्र वळत वळत आत येते. जुन्या फोटो स्टुडिओंच्या डार्करूममध्येही हवा अशीच खेळवायचे. फक्त एक ध्यानात ठेवायचं, तळाला लोटलेलं हिम खालच्या झरोक्यावर येऊ द्यायचं नाही. रात्रभर हिम पडलं असेल, तर शेगडी पेटवायच्या आधी झरोका मोकळा करायचा.

आपला काय संबंध?

आपल्याकडे तळं गोठत नाही, हे खरं. पण डिसेंबर-जानेवारीत सिल्लोडच्या शिवारात गारठा पडला की आपणही अशी खोली बनवतोच. खिडकीच्या फटीत कापड कोंबतो, दाराखाली गोणपाट लावतो आणि कोळशाची शेगडी आत घेऊन झोपतो. किंवा छोट्याशा बाथरूममध्ये गॅस गिझर लावतो आणि थंडी येते म्हणून खिडकी बंद करतो. काळा रंग सोडला, तर ही तीच खोली आहे. फरक इतकाच की तिला वळणाचा झरोका नाही आणि भिंतीवर अलार्मही नाही.

म्हणून या हिवाळ्यात तीन गोष्टी करा. झोपायच्या खोलीत पेटती शेगडी नेऊ नका. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या जागेत बसवून घ्या. आणि बंद खोलीत डोकं जड होऊन मळमळलं, तर पडून राहू नका, सरळ बाहेर या. कोणी आत बेशुद्ध पडलं असेल, तर दारं-खिडक्या उघडा, जमल्यास गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

पुढच्या वेळी ती रील आली की हिरवा चौकोन तर बघाच. पण भिंतीवर झरोका कुठे दिसतोय का, तेही शोधा.