जुने सॉफ्टवेअर भंगारात काढण्यापूर्वी

एम्ब्रॉयडरीचे मशीन ठणठणीत आहे, कारागीर हाताशी आहेत, माल ठरल्या दिवशी द्यायचा आहे आणि नेमका डिझाइन बनवण्याचा जुना कॉम्प्युटर बंद पडतो. त्यातले सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालणारे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. नव्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर बसत नाही आणि नवे घ्यायचे तर लहान कारखानदाराचे कंबरडे मोडते. अशा वेळी घाईने पैसे मोजण्यापूर्वी एक मार्ग तपासून पाहावा, असे आम्ही सुचवू.

नव्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकाच गाळ्यात पार्टिशन टाकून दुसरा धंदा चालवावा, तसाच हा प्रकार. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर किंवा लिनक्समधील केव्हीएम ही त्याची साधने. अर्थात आत बसवायच्या एक्सपीचा परवाना आपल्याजवळ हवा.

खरी अडचण पुढे येते. सॉफ्टवेअरसोबत मिळालेले डोंगल, म्हणजे कुलपाची चावी, बाहेरच्या यूएसबीत असते. आतल्या एक्सपीला ती दिसत नाही आणि सॉफ्टवेअर उघडत नाही. ती वस्तू आतल्या मशीनच्या हवाली करण्याला पासथ्रू म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी विभागात डोंगलचा फिल्टर टाकला की मशीन सुरू होताच डोंगल आपोआप आत जाते. एक्सपीला यूएसबी ३ समजत नाही, म्हणून तेथे १.१ किंवा २.० निवडावे. डोंगल आत असेपर्यंत बाहेरच्या विंडोजला ते वापरता येत नाही. एक चावी एका वेळी एकाच्याच हाती राहते.

सिरियल पोर्टचा वजनकाटाही असाच आत देता येतो. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्ट नसेल तर यूएसबीचा कन्व्हर्टर बहुधा चालतो. पॅरलल पोर्टच्या जुन्या डोंगलचे मात्र तसे नाही. बाजारातले यूएसबी ते पॅरलल कन्व्हर्टर प्रामुख्याने प्रिंटरसाठी असतात. त्यावर डोंगल चालेल या भरवशावर पैसे घालू नयेत.

कॉम्प्युटरच्या आत बसवलेले कार्ड सोपवणे याहून अवघड. कार्ड थेट मेमरीत लिहिते. त्याने दुसऱ्याच्या हद्दीत हात घालू नये म्हणून आयओएमएमयू नावाचा पहारेकरी लागतो. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते, एएमडी एएमडी-व्हीआय. तो प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्हींत असावा लागतो व बायोसमध्ये सुरू करावा लागतो. लिनक्सवर केव्हीएममध्ये हे काम होते. व्हर्च्युअलबॉक्सने ही सोय ६.१ आवृत्तीत काढून टाकली.

एक इशारा नक्षीकाम करणाऱ्या बंधूंसाठी. ज्या सीएनसी मशीनला कॉम्प्युटर पॅरलल पोर्टमधून क्षणाक्षणाचे ठोके देतो, ते काम व्हर्च्युअल मशीनवर नेऊ नये. तेथे ठोक्यांची वेळ चुकते आणि माल बिघडतो. त्यासाठी जुना कॉम्प्युटरच दुरुस्त करून ठेवावा.

डोंगल हरवले तर पासथ्रूचा काही उपयोग नाही, म्हणून ते गल्ल्यातील रोकडीप्रमाणे सांभाळावे. फोडलेल्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये. त्यासोबत व्हायरस येतो आणि पैसे मोजून घेतलेला आपला हक्कही कमजोर होतो. आतल्या एक्सपीला इंटरनेट देऊ नये. सर्व नीट बसले की त्या मशीनच्या फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी.

आणि हे सारे जुना कॉम्प्युटर चालू असतानाच करून पाहावे. आठवडाभर खरे काम नव्यावर घ्यावे, डिझाइन मशीनवर उतरवून टाका तपासावा. मगच जुन्याला निरोप द्यावा. तो बंद पडल्यावर धावाधाव करणाऱ्याला बाजार सवलत देत नाही.