माणसांची भीती आणि नवरा-बायकोचे नाते

समजा, धसईजवळच्या एका वस्तीतला तिशीचा माणूस आहे. मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला जातो. काम चोख, पण साहेबांनी चार जणांत नाव घेतले की त्याचा घसा कोरडा पडतो. हळदीला, लग्नाला जायचे म्हटले की पोटात गोळा येतो. विहारात वंदनेला येतो, मागे बसतो, बोलायची वेळ आली की हळूच बाहेर निघतो. सगळे म्हणतात, स्वभावानेच लाजाळू आहे. लग्नाला वर्ष झाले. रात्री बायकोजवळ गेला की तीच धडधड, तोच घाम. शरीर साथ देत नाही. मग तो पाठ करून झोपतो. बायकोला वाटते, आपण त्याला पसंत नाही. सासू विचारते, पाळणा कधी हलणार?

हे उदाहरण आम्ही रचलेले आहे. पण वाचताना कुणाला आपले घर आठवले, तर हा लेख त्यांच्यासाठीच आहे.

लाजाळूपणा हा आजार नव्हे. पण लोक आपल्याला बघतील, नावे ठेवतील, या भीतीने माणूस महिनोन् महिने कामे, कार्यक्रम, ओळखी टाळू लागला, तर त्याला डॉक्टर सामाजिक भयगंड म्हणतात. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या तुच्छतेच्या नजरा सोसल्या, त्याच्या मुलांना नजरेचा धाक बसला तर नवल नाही. त्यात त्यांचा दोष नाही.

भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागते. ॲड्रेनलिन वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू ताठरतात. लैंगिक संबंधाला मात्र शरीर सैल आणि निवांत लागते. म्हणून भीतीत पुरुषाच्या इंद्रियाला ताठरता येत नाही किंवा वीर्य लवकर पडते. बाईच्या अंगात ओलावा येत नाही, योनीचे स्नायू आवळतात, दुखते. एकदा असे झाले की पुढच्या वेळी माणूस स्वतःचीच परीक्षा घेत बसतो: आज जमेल का? ती काय म्हणेल? या विचारानेच पुन्हा बिघडते. आमच्या घरांत आणखी एक अडचण असते. एकच खोली, पलीकडे आई-वडील आणि पोरे. निवांतपणा मिळणार कुठून?

मग दोन चुकीच्या वाटा धरल्या जातात. एक दारूची. धीर येतो असे वाटते, पण दारूने ताठरता आणखी कमी होते. पाचवे शील इथेही कामाला येते. दुसरी वाट 'गुप्तरोग' तंबूवाल्यांची. हस्तमैथुनाने वीर्य संपते, नस कमजोर होते, असे सांगून ते पैसे उकळतात. हे खोटे आहे.

असेच प्रश्न वाचक र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाला विचारत. १९२७ साली निघालेल्या या मासिकाने उघड उत्तरे दिली, म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पण लैंगिक प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाबासाहेबांची बाजू आज अनेकांना पटते. त्यांनी जे कोर्टात मांडले, ते आम्ही घरात बोलायला का लाजावे?

आता काय करावे? आधी नवरा-बायकोने एकमेकांना खरे सांगावे. 'मला तू नकोशी नाहीस, मला भीती वाटते,' एवढे वाक्यही पुष्कळ ओझे उतरवते. काही आठवडे संबंधाचा हट्ट सोडून नुसते जवळ बसावे, हात धरावा, अंगावरून हात फिरवावा. दोघांपैकी एकाने नको म्हटले तर थांबावे. जबरदस्ती कधीच नको. घरच्या वडीलधाऱ्यांनी पाळण्याचा प्रश्न सारखा विचारू नये, आणि दोघांना थोडा एकांत मिळू द्यावा.

त्रास चालूच राहिला तर धसईच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जावे. मधुमेह, रक्तदाब यांमुळेही असा त्रास होतो, तो आधी तपासावा. भीतीवर समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. टाळलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून भीती मोडतात. गरज पडली तर गोळ्या देतात. काही गोळ्यांनी कामेच्छा कमी होते. तसे झाले तर मनाने गोळी बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. माणसांसमोर बोलायचीच भीती असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणे दवाखान्यावर बंधनकारक आहे.

पुढच्या वेळी विहारात मागच्या रांगेत कुणी गप्प बसलेला दिसला, तर त्याची थट्टा करू नका. शेजारी जाऊन बसा. जयभीम.