तळाच्या थरावर हक्क कोणाचा?

नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने पेंटियम ४ मालिकेतले ६६२ आणि ६७२ हे दोन प्रोसेसर बाजारात आणले. वेगाच्या दृष्टीने त्यांत फारसं नवल नव्हतं. नवी होती ती व्हीटी-एक्स ही सोय: एकाच यंत्रावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायला आता प्रोसेसरच मदत करणार होता. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात एएमडीनेही आपली तशीच सोय आणली. सर्व्हरवाल्यांना तिचं मोल लगेच कळलं. घरच्या संगणकावर मात्र याच सोयीवरून वीस वर्षं भांडणं चालतील, असं तेव्हा कोणाच्या मनात आलं नसावं.

त्याआधीही व्हर्च्युअल मशीन होती. व्हीएमवेअरने १९९९ मध्येच साध्या पीसीवर विंडोजच्या आत लिनक्स चालवून दाखवलं होतं, पण त्यासाठी पाहुण्या सिस्टिमच्या अडचणीच्या सूचना चालता चालता बदलून घेण्याची मोठी कसरत सॉफ्टवेअरला करावी लागे. व्हीटी-एक्समुळे ही कसरत टाळणं शक्य झालं. विंडोजचा गाभा ज्या अधिकाराने चालतो, त्याच्याही खाली एक नवा थर प्रोसेसरने मोकळा करून दिला. त्या थरावर जो बसेल तो हायपरवायझर. वरची संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या नजरेखाली चालते. घोळ असा, की हा थर एका वेळी एकाच्याच ताब्यात राहतो. दुसऱ्याला हवा असेल तर पहिल्याने तो सोडला पाहिजे किंवा आपल्या मध्यस्थीने वापरू दिला पाहिजे.

अँटीव्हायरस कंपन्यांचं लक्ष तिकडे वळायला दोन घटना कारणीभूत झाल्या. पहिली विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांची. तोवर अँटीव्हायरस विंडोजच्या गाभ्यात हात घालून तिथल्या सिस्टिम-कॉलच्या तक्त्यात स्वतःची नोंद करत, म्हणजे कुठलीही फाइल उघडण्याआधी त्यांना खबर मिळे. २००५ पासून ६४-बिट विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने पॅचगार्ड बसवला आणि गाभ्यात अशी ढवळाढवळ आढळली की यंत्र मुद्दाम निळ्या पडद्यावर आणून थांबवायला सुरुवात केली. व्हिस्टा येण्याच्या तोंडावर, २००६ मध्ये, सिमँटेक आणि मॅकॅफी यांनी त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली. मॅकॅफीने तर ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात दिली.

दुसरी घटना त्याच वर्षीची. पोलंडच्या सुरक्षा संशोधक योआना रुतकोव्स्का यांनी लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत ‘ब्लू पिल’चं प्रात्यक्षिक दाखवलं. एएमडीची व्हर्च्युअलायझेशन सोय वापरून त्यांनी चालू असलेली व्हिस्टा, ती बंद न करता, एका छोट्या हायपरवायझरच्या पोटात ढकलली. हल्लेखोर तळाच्या थरावर पोहोचला तर वर बसलेल्या अँटीव्हायरसला तो दिसणं किती अवघड होईल, हे त्यातून ढळढळीत समोर आलं. संरक्षण करायचं तर आपणही खाली उतरलं पाहिजे, हा विचार इथून बळावला. २०११ मध्ये इंटेल आणि तिने नुकतीच विकत घेतलेली मॅकॅफी यांनी मिळून डीपसेफ जाहीर केलं. ते व्हीटी-एक्सच्या आधारे विंडोजच्या खालून पहारा देणार होतं.

या काळात घरच्या वापरकर्त्याचा व्हर्च्युअलायझेशनशी संबंध आला तो विंडोज ७ च्या एक्सपी मोडमुळे. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या या सोयीत विंडोज ७ च्या आत खरीखुरी एक्सपी चालत असे. मराठी डीटीपीवाल्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पेजमेकर आणि युनिकोडपूर्व फाँट यांच्या जुन्या आवृत्त्यांपायी एक्सपी सुटता सुटत नव्हती. पण अट होती हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशनची. कित्येक प्रोसेसरमध्ये ते नव्हतंच आणि काही लॅपटॉपमध्ये असूनही बायोसमधून बंद ठेवलेलं होतं, चालू करायला पर्यायही नव्हता. तक्रारी इतक्या झाल्या की मार्च २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने ही अट काढून टाकली.

खरी ठिणगी पडली जुलै २०१४ मध्ये. ओरॅकलने व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या आपल्या व्हर्च्युअलबॉक्सची ४.३.१४ ही आवृत्ती काढली आणि विंडोजवरच्या अनेकांची व्हर्च्युअल मशीन सुरूच होईनात. कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रक्रियेला स्वतःच्या ड्रायव्हरमार्फत विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोहोच असते. तिच्यात परका कोड शिरला तर तोही गाभ्यापर्यंत जाईल, म्हणून नव्या आवृत्तीने दाराशी तपासणी बसवली: खात्रीची डिजिटल स्वाक्षरी नसलेली एकही डीएलएल (प्रोग्रॅमच्या कोडची फाइल) आत येऊ द्यायची नाही. आणि अँटीव्हायरसची पद्धत काय, तर पाळत ठेवण्यासाठी प्रत्येक प्रक्रियेत आपली डीएलएल घुसवायची. दोघेही सुरक्षेसाठीच झटत होते. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. भोगलं ते वापरकर्त्याने. लोक ४.३.१२ वर परतले, ओरॅकलच्या अभियंत्यांनी एकामागून एक चाचणी आवृत्त्या दिल्या आणि सप्टेंबरमध्ये ४.३.१६ आल्यावर बऱ्याच अंशी मार्ग निघाला. या प्रकरणाचा व्हीटी-एक्सशी थेट संबंध नव्हता, तरी अँटीव्हायरस आणि व्हर्च्युअल मशीन एकत्र नांदत नाहीत ही समजूत तेव्हापासून पक्की झाली.

लगेच पाठोपाठ तळाच्या थराचाच वाद आला. अवास्ट या अँटीव्हायरसने आपल्या २०१५ च्या आवृत्तीत संशयास्पद प्रोग्रॅम वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून पाहणारा एनजी हा घटक दिला. तो व्हर्च्युअलबॉक्सच्याच खुल्या कोडवर उभारलेला होता. साहजिकच, ज्यांच्याकडे मूळ व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर होतं त्यांच्या यंत्रावर एकाच सोयीचे दोन दावेदार झाले. कॅस्परस्कीनेही ऑनलाइन बँकिंगच्या संरक्षणासाठी हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन वापरायला सुरुवात केली. कल्पना म्हणून हे सगळं उत्तमच आहे. आक्षेप आहे तो वेगळ्याच गोष्टीला. संगणकाच्या तळाशी आपण जाऊन बसलो आहोत, हे या सॉफ्टवेअरने मालकाला ठळकपणे कधी सांगितलं नाही. अवास्टमध्ये ‘हार्डवेअर असिस्टेड व्हर्च्युअलायझेशन’ची खूण सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटिंग या पोटविभागात होती. ज्याला अडचणीचं मूळ ठाऊक आहे, त्यालाच ती सापडणार.

म्हणून उपाय चुकत गेले. लोक अँटीव्हायरस ‘पॉज’ करून पाहत. त्याने स्कॅनिंग थांबे, पण यंत्र सुरू होतानाच लोड झालेले ड्रायव्हर तसेच राहत आणि व्हर्च्युअल मशीन सुरू करताना येणारा एररही तसाच येई. ती खूण काढल्यावरही रीस्टार्ट करणं भाग होतं, आणि इथे आणखी एक चकवा होता. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा परत येतो. रात्री संगणक बंद करून सकाळी चालू केला तरी फरक पडत नसे. ‘रीस्टार्ट’ केलं की पडे. शेवटी दुकानातला इंजिनिअर ‘फॉरमॅट मारू’ म्हणायचा आणि एका खुणेपायी अख्खी विंडोज नव्याने टाकली जायची, जुने फोटो आणि फाइली धोक्यात घालून.

जानेवारी २०१८ मध्ये या सगळ्याची किंमत सगळ्यांनाच दिसली. मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला दोष उघड झाला आणि मायक्रोसॉफ्टने तातडीची दुरुस्ती काढली, पण ती सरसकट दिली नाही. काही अँटीव्हायरस गाभ्याच्या मेमरीत परवानगी नसलेल्या मार्गांनी शिरत होते. त्यांच्यासोबत ही दुरुस्ती बसली असती तर यंत्र सुरूच झालं नसतं. म्हणून अँटीव्हायरसने आपण सुसंगत असल्याची नोंद रजिस्ट्रीत केल्याशिवाय अपडेट मिळणार नाही, अशी अट आली. विंडोज १० पुरती ती मार्चमध्ये उठली. तोवर, संरक्षणासाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरमुळेच कित्येक यंत्रांचं संरक्षण अडकून पडलं होतं.

दरम्यान तिसरा दावेदार आला होता, खुद्द विंडोज. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा हायपरवायझर, हायपर-व्ही, डेस्कटॉपवर आला. २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही संरक्षणाची सोय घरगुती आवृत्तीतही मिळू लागली. मे २०२० मध्ये लिनक्ससाठीचं डब्ल्यूएसएल २ आलं. यांतलं काहीही चालू केलं की तळाचा थर मायक्रोसॉफ्टच्या हायपरवायझरकडे जातो आणि विंडोज स्वतःच त्याच्यावर चालू लागते. व्हर्च्युअलबॉक्सने २०१८ च्या अखेरीस आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशनने मे २०२० मधल्या १५.५.५ आवृत्तीत त्याच्याशी जुळवून घेतलं. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसलं, तर ते मशीन मायक्रोसॉफ्टच्या मध्यस्थीने चाललं आहे असं समजावं. वेग कासवाचाच असतो, हेही खरं.

नेमक्या याच वळणावर कोरोनाची टाळेबंदी आली. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा बंद, आणि ऑपरेटिंग सिस्टिम किंवा नेटवर्क सुरक्षेची प्रात्यक्षिकं विद्यार्थ्यांनी घरच्या लॅपटॉपवर करायची. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत अनेक घरांत पहिल्यांदाच व्हर्च्युअल मशीन टाकलं गेलं, तेही आधीच अँटीव्हायरस, गेमसाठीचं अँड्रॉइड इम्युलेटर आणि विंडोजचं स्वतःचं संरक्षण असलेल्या यंत्रावर. शिकवण्यांत उबुंटू बसवायच्या पायऱ्या होत्या. तळाच्या थरावर आधी कोण बसलं आहे ते कसं पाहायचं, ही पायरी मात्र क्वचितच होती.

ती पायरी अवघड नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडलं की व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते कळतं. बंद असेल तर काम बायोसमध्ये. कमांड प्रॉम्प्टवर ‘सिस्टिमइन्फो’ चालवल्यावर शेवटी हायपरवायझर सापडल्याची ओळ आली, तर थर आधीच कोणाकडे तरी आहे: बहुधा विंडोजकडे, नाहीतर अँटीव्हायरसकडे. अँटीव्हायरसकडे असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये फक्त व्हर्च्युअलायझेशनची खूण काढावी, बाकी संरक्षणाला हात लावू नये, आणि रीस्टार्ट करावं. मशीन चालतं पण रडतखडत चालतं, अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक दुसरंच असतं: व्हर्च्युअल डिस्कच्या काही जीबींच्या फाइलवर अँटीव्हायरसचं स्कॅनिंग सतत चालू असतं. तेवढं फोल्डर वगळलं की भागतं.

विंडोज ११ मध्ये, २०२१ पासून, नव्या यंत्रांवर हे व्हर्च्युअलायझेशन-आधारित संरक्षण बहुधा आधीपासूनच चालू असतं, त्यामुळे बाहेरचा अँटीव्हायरस काढून टाकला तरी तळ मोकळा होत नाही. मेमरी इंटिग्रिटी बंद केल्याने गेमचा वेग वाढू शकतो, असं मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये गेमर्सना सांगितलं; मात्र खेळ संपल्यावर ती पुन्हा चालू करा, हेही त्याच सूचनेत होतं. घरच्या यंत्रावर प्रात्यक्षिकासाठी किंवा जुन्या सॉफ्टवेअरसाठी असं काही बंद करावं लागलं, तर काय आणि कधी बंद केलं ते वहीत लिहून ठेवा, आणि काम झालं की त्याच दिवशी ते पुन्हा चालू करा.