सूचीतलं ‘धार’ आणि ‘धारवाड’

आपल्या मंडळाच्या पत्रसूचीत ‘स्थळे’ असा एकच रकाना आहे. पत्रात तीन गावं आली की मी ‘देवास, धार, महेश्वर’ अशी स्वल्पविराम देऊन लिहितो. कार्डावर ही पद्धत सोयीचीच होती, कारण डोळा नावं सुटी करून वाचतो. संगणकाला मात्र ती एकच सलग ओळ दिसते. म्हणून साध्या शोधात ‘धार’ टाकलं, की धारवाड, धारूर, धारापुरी अशी सगळी मंडळी हजर होतात.

जादा आलेले कागद बाजूला काढता येतात. पण असलेला कागद सापडला नाही, तर त्याची कुणाला शंकाही येत नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘फाइंड_इन_सेट’ नावाची सोय आहे. ती प्रत्येक नाव पूर्ण जुळतं का ते पाहते, नाव यादीत कितवं आहे तो आकडा देते. नसेल तर 0. धारवाड इथे आपोआप गळतं. पण स्वल्पविरामानंतर आपण सोडलेली मोकळी जागाही ती नावाचाच भाग धरते. त्यामुळे ‘धार, देवास’मध्ये धार सापडतं, ‘देवास, धार’मध्ये नाही! पवारांच्या धारवर काम करणारा अभ्यासक ते 0 पाहून निघून जाणार.

तात्पुरता इलाज आहे. स्वल्पविरामापुढची जागा तेवढी काढायची (‘महू छावणी’तली नाही), यादीच्या दोन्ही टोकांना स्वल्पविराम जोडायचा आणि ‘,धार,’ असं शोधायचं. मात्र यात दर वेळी सगळ्या नोंदी चाळाव्या लागतात, इंडेक्सचा उपयोग होत नाही. काही हजार पत्रांपर्यंत ते जाणवतही नाही म्हणा.

माझं मत वेगळ्या तक्त्याच्या बाजूचं आहे: एका ओळीत पत्रक्रमांक आणि एकच स्थळ. तीन गावं, तीन ओळी. मग शेजारी आणखी एक रकाना घालता येतो: पत्र तिथून लिहिलंय, तिथे पाठवलंय, की गावाचा नुसता उल्लेख आहे? स्वल्पविरामांच्या यादीत हा फरक पार बुडतो, आणि अभ्यासकाला तर नेमका तोच हवा असतो. स्थळाला क्रमांक दिला, तर बडोदा, बडोदें, वडोदरा ही रूपंही त्याच क्रमांकाखाली येतात.

जुना रकाना मात्र पुसू नये. नोंद करणाऱ्याने पत्रात वाचलेलं रूप त्यातच आहे.