अंदाजाने नको, वाटीने: घाईच्या संध्याकाळचं एका भांड्यातलं जेवण

आजचा विषय आहे संध्याकाळी सात वाजता पडणारा प्रश्न: आज जेवायला काय? बंगळूर असो, दिल्ली असो किंवा बडोदा, दोघंही नोकरी करत असलेल्या घरात हा प्रश्न रोज येतो. बाहेरून मागवणं सोपं असतं, पण रोज परवडत नाही आणि पोटालाही मानवत नाही. पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर असं साग्रसंगीत रोज रात्री करायचं तर दीड तास उभं राहावं लागतं. या दोन्हींच्या मध्ये एक वाट आपल्याकडे फार जुनी आहे: डाळ आणि धान्य एका भांड्यात शिजवायचं. चौदाव्या शतकात भारतात येऊन गेलेल्या इब्न बतूताने इथले लोक तांदूळ आणि मूग एकत्र शिजवून तूप घालून खातात, असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे आपण आज नवं काहीच शिकणार नाही. जे जुनं आहे ते घरातल्या प्रत्येकाला करता येईल असं मांडणार आहोत.

असं का म्हणते, ते आधी सांगते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. स्वयंपाक, झाडलोट, धुणंभांडी अशी घरची बिनपगारी कामं त्या दिवशी करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २६. जे करत होते, त्यांतही स्त्रियांचा वेळ सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. याची कारणं पुष्कळ आहेत आणि ती एका भागात संपणारी नाहीत. पण त्यातलं एक छोटं कारण स्वयंपाकघरातच आहे, ते म्हणजे ‘अंदाज’. तांदूळ किती? अंदाजाने. पाणी किती? बोट बुडवून बघ. मीठ? चवीपुरतं. ज्या कामाची मापं एकाच माणसाच्या हातात असतात, ते काम दुसऱ्या कुणाकडे जातच नाही. मग ती बाई आजारी असो की दौऱ्यावर, घर तिच्यासाठी थांबतं, नाहीतर हॉटेलला फोन करतं.

गाव सोडून राहणाऱ्यांची तर आणखी एक अडचण. आई पुण्याहून फोनवर सांगते, ‘तांदळाच्या दोन बोटं वर पाणी घाल.’ तिच्या डब्यात इंद्रायणी आहे, चिकट आणि मऊ होणारा. तुमच्याकडे बंगळूरला सोना मसुरी आहे, तो मोकळा होतो. दिल्लीत बासमतीचा तुकडा मिळतो, कोलकात्यात गोविंदभोग. तांदूळ बदलला की अंदाज चुकतो. नवा तांदूळ पाणी कमी पितो, जुना जास्त. म्हणून आज सगळं वाटीने मोजू. घरातली एकच वाटी ठरवा, साधारण दीडशे मिलीलिटरची, आणि ती तांदळाच्या डब्यातच ठेवून द्या.

आता मुख्य सूत्र. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ. दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल यांचं पोटभर जेवण यात होतं. चार मोठी माणसं असतील तर दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी डाळ. पाणी तुम्हाला काय हवं त्यावर. तांदूळ आणि डाळ मिळून जितक्या वाट्या, त्याच्या दुप्पट पाणी घातलं तर मोकळी खिचडी, तिप्पट घातलं तर मऊ, चौपट घातलं तर आसट, लहान मुलांना आणि आजारी माणसाला चालेल अशी. म्हणजे आपल्या दीड वाटीला तीन, साडेचार किंवा सहा वाट्या. पहिल्यांदा तिपटीने करा. घट्ट वाटली तर पुढच्या वेळी अर्धी वाटी वाढवा आणि तो आकडा लिहून ठेवा.

डाळ एवढी का? तांदळात लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनीन कमी, ते तांदळातून मिळतं. दोन्ही एकत्र आले की प्रथिनं शरीराला जास्त चांगली वापरता येतात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था कच्च्या वजनाने तीन भाग धान्याला एक भाग डाळ असं प्रमाण सुचवते. आपण त्याहून थोडी जास्तच घेतो आहोत, कारण रात्रीच्या या जेवणात डाळ दुसऱ्या कशातून येणार नाही. ‘नुसती खिचडी केली’ असं ओशाळून म्हणायचं काहीच कारण नाही. सोबत एक काकडी किंवा वाटीभर दही असेल तर ते पूर्ण जेवण आहे.

मुगाची खिचडी. तांदूळ आणि सालं काढलेली मूगडाळ एकत्र धुऊन पंधरा मिनिटं भिजत ठेवा. तेवढ्यात हातपाय धुवा, मुलांचं दप्तर बघा. कुकरमध्ये दोन चमचे तेल तापवा. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, पाव चमचा हळद, असेल तर कढीपत्ता. एक कांदा परता. घरात असेल ती भाजी घाला: गाजर, मटार, फ्लॉवर, दुधी, पालक. भाज्या मिळून एक ते दीड वाटी. मग निथळलेले डाळतांदूळ घालून दोन मिनिटं परता, मोजलेलं पाणी, सपाट चमचाभर मीठ, अर्धा चमचा गोडा मसाला किंवा तुमच्या शहरात मिळेल तो गरम मसाला. झाकण लावा, तीन शिट्ट्या, मग गॅस बंद. वाफ आपोआप जिरू द्या. एकूण पाऊण तास जातो, पण त्यात आपले हात गुंतलेले असतात जेमतेम पंधरा मिनिटं.

कुकरबद्दल दोन गोष्टी. आतला दाब वाढला की पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून डाळ झटपट शिजते. आणि डाळभाताला फेस येतो, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर कधीही भरू नका. फेस शिट्टीत अडकला की धोका असतो. थेंबभर तेल फेस कमी करतं. हे घरातल्या नव्या स्वयंपाक्याला पहिल्याच दिवशी सांगा.

आता हेच सूत्र देशभर फिरवू. तुम्ही जिथे राहता तिथलं काहीतरी या कुकरात सहज येतं. तमिळनाडूतला वेण् पोंगल म्हणजे तांदूळ आणि मूगडाळच, फक्त फोडणी तुपाची आणि त्यात मिरी, जिरं, आलं, कढीपत्ता, काजू. हळद, कांदा नाही. बंगाली घरात मूगडाळ आधी कोरडी भाजतात, खमंग वास सुटेपर्यंत, आणि मग खिचुडी करतात. पावसाच्या दिवशी सोबत वांग्याचे तळलेले काप किंवा अंडं. ही भाजण्याची युक्ती आपल्या खिचडीलाही लागू पडते, पाच मिनिटांत चव बदलते. हिंदी भाषक घरात खिचडीचे चार यार सांगतात: दही, पापड, तूप आणि लोणचं. घाईच्या दिवशी हे चारही डब्यातून निघतात, करावं काहीच लागत नाही.

कर्नाटकातला बिसी बेळे भात थोडा वेगळा. बिसी म्हणजे गरम, बेळे म्हणजे डाळ. इथे तूरडाळ असते आणि चिंच असते, आणि इथेच एक शास्त्र समजून घ्यायला हवं. आंबट पदार्थ डाळ मऊ होऊ देत नाही. चिंच, टोमॅटो, आमसूल आधी घातलं तर चार शिट्ट्या होऊनही डाळ कणीदार राहते. म्हणून डाळ, तांदूळ, भाज्या आधी पूर्ण शिजवा. मग चिंचेचा कोळ आणि मसाला घालून पाच मिनिटं उकळा. हाच नियम आपल्या आमटीलाही. बोअरचं जड पाणी असेल तरी डाळ उशिरा शिजते, तेव्हा तूरडाळ अर्धा तास भिजवा किंवा पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. शिमला, शिलाँगसारख्या उंच गावी पाणी कमी तापमानाला उकळतं. तिथे उघड्या भांड्यात डाळ शिजवण्याचा हट्ट सोडा आणि कुकरलाही एखादी शिट्टी जास्त द्या.

कुकर नको असेल त्या दिवशी पिठलं. एक वाटी बेसन, चार वाट्या पाणी. त्यातल्या एका वाटी गार पाण्यात बेसन नीट कालवून घ्या. गार पाणीच का? गरम पाण्यात कोरडं पीठ पडलं की बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. तीच गुठळी. सराईत हात उकळत्या पाण्यात पीठ पेरत घोटतात, पण शिकणाऱ्याला कालवलेलं सोपं. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा. उरलेलं तीन वाट्या पाणी आणि मीठ घालून उकळी आणा, कालवलेलं बेसन ओतत सतत ढवळा. घट्ट होत आलं की झाकण ठेवून मंद आचेवर पाच ते सात मिनिटं वाफ द्या, नाहीतर बेसन कच्चं लागतं. वरून कोथिंबीर. शेजारच्या शेगडीवर भात, किंवा सकाळच्या पोळ्या.

उरलेल्या वरणाची वरणफळं. काही घरांत यांना चकोल्या म्हणतात, आणि गुजराती शेजाऱ्यांकडे हीच दाळढोकळी. सकाळचं वरण आणि कणकेचा गोळा उरला की संध्याकाळ सुटली. वरणात पाणी घालून पातळ करा, फोडणी, तिखट, गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा. खळखळ उकळलं की पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून एकेक सोडा. एकदम टाकले तर एकमेकांना चिकटतात. आठ-दहा मिनिटांत शिजतात. ताटात वाढल्यावर वर तूप.

उरलेल्या अन्नाबद्दल एक इशारा. डाळभात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, विशेषतः चेन्नई, मुंबई, कोलकात्यासारख्या दमट हवेत. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जाईलच असं नाही. म्हणून जेवण झालं की उथळ डब्यात काढा, तासा-दीड तासात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग. वरची मापं एका कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. घरात जी भाषा सगळ्यांना वाचता येते त्या भाषेत लिहा. जावई कानडी असेल, सूनबाई बंगाली असेल, स्वयंपाकाच्या ताई हिंदी वाचत असतील, तर त्यांना कळेल असं. खाली लिहा: वाटी कुठे, डाळीचा डबा कुठला, किती शिट्ट्या. मग आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने स्वयंपाकघरात यायचं नाही आणि दारातून सूचनाही द्यायच्या नाहीत. दहा-बारा वर्षांची मुलं डाळतांदूळ मोजून धुऊ शकतात, भाजी निवडू शकतात. गॅस आणि कुकर मोठ्यांकडे.

कुणी म्हणेल, मापाने केलं तर आईच्या हाताची चव कशी येणार? खरं आहे, पहिल्या दिवशी येणार नाही. पण आईच्या हातालाही तो अंदाज शेकडो वेळा करूनच आला आहे. वाटी ही सुरुवात करण्यापुरती. सात-आठ वेळा केलं की नवऱ्याचा, मुलाचा, सासऱ्यांचा स्वतःचा अंदाज तयार होतो. मग कागद काढून टाकला तरी चालेल.

तर या आठवड्यात एकच करा: वाटी ठरवा आणि घरात ज्याने कधी कुकर लावला नाही, त्याच्या हातात द्या. खिचडी थोडी पातळ झाली तर कढीसारखी ओरपा, घट्ट झाली तर गरम पाणी घाला. दोन्ही दुरुस्त होतं. मोकळी, मऊ की आसट, तुमच्या घरात कोणती आवडते तेही त्या कागदावर लिहायला विसरू नका. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.