नागपूर किती मिनिटांवर?

"किती वाजता पोचतोस?" ताईने नागपूरहून विचारलं. तिकिटावर 12.40 होतं, तेच सांगितलं. मग म्हटलं, हा आकडा येतो कुठून, ते या खेपेला घड्याळ लावून बघू.

मुंबई विमानतळ ते नागपूरचं सोनेगाव हे अंतर सरळ रेषेत साधारण 680 किलोमीटर. रेल्वेने तेच 840च्या घरात जातं, आणि समृद्धी महामार्ग एकटाच 701चा. वैमानिक मोजतात सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, म्हणजे नागपूर 370 मैलांच्या आसपास. ताशी 800 किलोमीटरने जाणाऱ्या जेटला 51 मिनिटं पुरावीत. तिकिटावर मात्र 95 होती.

पावणेनऊला घाटकोपरचं घर सोडलं. मेट्रोने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रोत बदल, पुढचंच स्टेशन टर्मिनल दोन. विमानात खिडकी मिळाली.

11.05ला एक कामगार चाकांपुढचे ठोकळे उचलून घेऊन गेला. सुटण्याची वेळ ती हीच. उड्डाण अजून लांब होतं. ठोकळे निघाल्यापासून पलीकडे पुन्हा लागेपर्यंतच्या वेळेला 'ब्लॉक टाइम' म्हणतात आणि तिकिटावर छापतात तोही तोच.

टगने विमान मागे ढकललं, इंजिनं सुरू झाली, आणि आम्ही रांगेत जाऊन उभे राहिलो. पुढे चार विमानं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी चालते एकच, आणि उतरणारे, उडणारे सगळे तिच्यावरच. एक उतरलं की एक सुटायचं.

11.30ला आमची पाळी आली. नागपूर पूर्वेला आणि विमान धावलं पश्चिमेला, जुहूच्या समुद्राकडे! विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि इथे वारा बहुधा समुद्रावरून येतो. म्हणून आधी पाण्यावर जायचं, तिथे वळसा घ्यायचा आणि मग घाटाची वाट धरायची. हिवाळ्यात वरचा जोरदार वाराही पश्चिमेचाच. नागपूरला जाताना तो पाठीशी असतो, परतताना समोर. म्हणून तेव्हा परतीला जरा जास्त वेळ लागतो.

12.33ला सोनेगावला टेकलो. 1949च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली ती याच नागपूरच्या भरवशावर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री इथे भेटायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या वाटेने परतायची. देशाच्या मधोमध असण्याचा हा फायदा.

12.39ला ठोकळे लागले. शेजारचे काका खूश, "बघा, मिनिटभर आधीच आणलं!" आणायचंच होतं, रांगेतला वेळ कंपनीने वेळापत्रकात आधीच धरलेला असतो. वर आपल्याकडे 15 मिनिटांपर्यंतचा उशीरही 'वेळेवर'मध्येच मोजतात.

बॅग घेऊन बाहेर आलो तेव्हा एक वाजला होता. ताई पाऊण वाजल्यापासून उभी. घाटकोपरच्या दारापासून सव्वाचार तास झाले होते आणि त्यातली हवेतली मिनिटं फक्त 63. तेव्हा न्यायला येणाऱ्याला तिकिटावरची वेळ सांगाल, तर त्यात वीस मिनिटं मिळवूनच सांगा.