काहीच त्रास नाही, तरी हृदयाची तपासणी करावी का?

चाळिशी ओलांडली की ‘एकदा हार्टचं चेकअप करून घ्या’ असा सल्ला घरातून, शेजारून मिळू लागतो. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल टेस्ट अशा तपासण्यांची पॅकेजंही असतात. पण कोणताही त्रास नसलेल्या माणसाला यांचा कितपत उपयोग होतो?

आधी एक फरक

छातीवर दाब येणं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम सुटणं, थोडं चालताच धाप लागणं ही लक्षणं आहेत. ती असतील तर पॅकेजचा विचार करत बसू नये. लगेच 108 ला फोन करावा किंवा जवळचं रुग्णालय गाठावं. या लेखात आहे ती लक्षणं नसलेल्यांची तपासणी.

ईसीजी नॉर्मल म्हणजे हृदय ठीक?

तसं नाही. ईसीजी त्या क्षणाची हृदयातली विद्युत हालचाल दाखवतो. धमन्यांत अडथळे असूनही तो नॉर्मल येऊ शकतो.

ट्रेडमिल टेस्टचा हिशेब पाहू. समजा, लक्षणं नसलेल्या 1,000 लोकांपैकी 40 जणांच्या धमन्यांत मोठा अडथळा आहे. ही टेस्ट अडथळा असलेल्या 100 पैकी साधारण 68 जणांना ओळखते आणि अडथळा नसलेल्या 100 पैकी साधारण 23 जणांनाही चुकून ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. म्हणजे 40 पैकी 27 सापडतील, 13 सुटतील आणि निरोगी 960 पैकी सुमारे 220 जणांच्या हाती विनाकारण काळजीचा रिपोर्ट पडेल. पॉझिटिव्ह आलेल्या नऊ जणांत खरा रुग्ण साधारण एकच.

पुढे काय होतं?

पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर अँजिओग्राफी आणि कधी स्टेंटपर्यंत गोष्ट जाते. अचानक आलेल्या हार्ट अटॅकमध्ये स्टेंट जीव वाचवतो. स्थिर आजाराचं तसं नाही. 37 देशांतल्या 5,179 रुग्णांवरचा ‘इस्केमिया’ अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती औषधं घेणारे आणि औषधांसोबत सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास झालेले, या दोन गटांत मृत्यू आणि हार्ट अटॅकच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. छातीत दुखणाऱ्यांचा त्रास मात्र दुसऱ्या गटात जास्त कमी झाला.

मग तपासायचं काय?

रक्तदाब, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, वजन आणि तंबाखू. विदर्भात यात खर्राही आला. तो ओढत नाही, चघळतो, म्हणून निरुपद्रवी ठरत नाही.

यासाठी मोठ्या रुग्णालयात जावं लागत नाही. देशात 2017 मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून वर्धा जिल्हाही होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातच रक्तदाब मोजायचा, ठरलेली औषधं द्यायची आणि रुग्ण पुन्हा येतो का यावर लक्ष ठेवायचं, हा त्याचा गाभा. तिशीपुढच्यांसाठी आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यातही वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातले आजार विचारले जातात. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त येत असेल, तर त्रास होत नसला तरी उपचार लागतात.

डॉक्टरांना काय विचारावं?

• माझं वय, रक्तदाब आणि सवयी पाहता येत्या 10 वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताचा धोका 100 पैकी किती? जागतिक आरोग्य संघटनेचा एक तक्ता रक्ततपासणीशिवायही हा अंदाज देतो.
• या तपासणीच्या रिपोर्टमुळे माझे उपचार बदलतील का?
• रिपोर्ट चुकीचा येण्याची शक्यता किती? तसा आला तर पुढे काय आणि खर्च किती?
• आज तपासणी केली नाही तर काय बिघडेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तपासणी थांबवता येते. धोका जास्त निघाला, मधुमेह असेल किंवा घरात कमी वयात कुणाला हार्ट अटॅक आला असेल, तर कोलेस्टेरॉलची गोळी आणि पुढच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांशी सविस्तर बोलायला हवं. निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा आहे. विचार करायला दोन दिवस मागितले म्हणून डॉक्टरांचा अपमान होत नाही.